हसरीची नोकरी

६ फेब्रुवारी, गुरुवार

हसरीला आणखी एका ठिकाणाहून बोलावणं आलं. मला नाही.

तिने गटात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जरा जास्तच वाजवल्या, म्हणजे कोणाला शंका नको.

आमचा गट म्हणजे बिनकामाच्या वकिलांचा गट. दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या विभागात जमायचं. त्या वेळी मुलं शाळेत असतात, त्यामुळे जागा रिकामी मिळते. खुर्च्या इतक्या बुटक्या की बसल्यावर गुडघे हनुवटीला लागतात. तशा बसून आम्ही एकमेकांचे अर्ज तपासतो, खोट्या मुलाखती घेतो, कुठे जागा निघाली असेल तर सांगतो. नकार आला तर सगळे मिळून हसतो. नियम एकच – एकमेकांपासून काही लपवायचं नाही. नियम मावशींचा.

मावशी आमच्यातल्या कोणाच्याच मावशी नाहीत. जन्मभर दवाखान्यात परिचारिका होत्या. मुलं मार्गी लागल्यावर कायदा शिकल्या. आता त्यांना कोणी हाताखाली घेत नाही, कारण साहेबच त्यांच्यापेक्षा लहान निघतात. दुसरा कासव. हुशार आहे, पण वाक्य सुरू केलं की संपवायला इतका वेळ लावतो की मुलाखत घेणारे तोवर पुढच्या प्रश्नावर गेलेले असतात. मग मी. मला हे लोक 'हरकत' म्हणतात. कोणी काही बोललं की माझं सुरू होतं – पण असं कसं, पण हे लिहिलंय कुठे.

आणि हसरी. कॉलेजात एका बाकावर बसायचो. सगळे तास मागच्या दाराने बुडवून परीक्षेच्या तोंडावर माझ्या वह्या न्यायची. आता बोलावणी तिला येतात. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हे असं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिची मुलाखत वाईट जावी असं मला वाटत नाही. चांगली जाऊ नये, एवढंच.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्या अर्जाला उत्तर आलं. 'आपला विचार करता आला नाही याबद्दल खेद आहे.' विचारच करता आला नाही. म्हणजे नापसंतसुद्धा केलं नाही मला.

खाली आईच्या पार्लरमध्ये जाऊन सांगणार होते, तर तिच्या खुर्चीत एक बाई बसलेल्या. मला बघून आरशातूनच म्हणाल्या, "काय गं, कोर्टात उभी राहिलीस की नाही अजून?" आई म्हणाली, "राहील की. घाई काय आहे?" आणि त्यांचं डोकं जरा जोरात पुढे वाकवलं.

माझी वकिलीची सनद अजून आलेली नाही. कागद कुठेतरी कोणाच्या तरी टेबलावर पडलेत. हसरीची आली. तिचेही कागद त्याच खिडकीत दिले होते, माझ्यानंतर. खिडकीतल्या माणसाशी ती काय बोलली कोण जाणे, तो हसत होता. माझ्याशी बोलताना त्याला जांभई आली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गटात खोट्या मुलाखती झाल्या. मावशी साहेब, कासव दुसरे साहेब. त्याला साहेब करायला सोपं जातं, त्याने बोलायचं नसतं.

हसरीला कामगार कायद्यावर विचारलं. अर्धं चुकली. मग हसली आणि म्हणाली, "हे मला आत्ता येत नाही, पण उद्या सकाळी विचारलंत तर येईल." मावशी विरघळल्या. मला तोच प्रश्न विचारला. मी सगळं बरोबर सांगितलं, अपवादासकट. मावशी म्हणाल्या, "अगं, उत्तर बरोबर आहे तुझं. पण समोरच्याला वाटतं की तू त्याच्यावरच खटला भरलायस."

सगळे हसले. मीही.

उठताना हसरीला विचारलं, त्या मुलाखतीचं काय झालं. उंच इमारतीतलं ते मोठं ऑफिस, जिथे माझा अर्ज कोणी उघडलाही नसेल. ती बॅगेत काहीतरी शोधत होती. "बघू," म्हणाली.

बघू म्हणजे काय? 'बघू' हे ज्याचं होणार असतं तोच म्हणतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

झालं तिचं.

जिन्यातच ऐकलं. खाली पार्लरमध्ये हसरीची आई केस रंगवायला आली होती. "रुजूसुद्धा झाली," काकू सांगत होत्या. "सकाळी काळा कोट घालून निघते, ते दिवे लागायला घरी. दमते हो, पण काय करणार, मोठं ऑफिस आहे." आई म्हणाली, "छानच झालं." मग जरा थांबून म्हणाली, "आमचीचंही होईल."

आमचीचंही होईल! आईच्या त्या 'ही'ने मला कापून काढलं.

खाली न जाता तशीच वर आले. तोंड धुतलं. डोळ्यांत पाणी होतं ते दुःखाचं असतं तर बरं होतं. ते नव्हतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हसरी गटात आली आणि नोकरीचं एक अक्षर बोलली नाही! कासवाचा अर्ज वाचत बसली, त्यातल्या चुकांवर गोल करत.

मी वाट बघितली. मग राहवलं नाही. म्हटलं, "नियम बदलला का गं आपला? आनंदाच्या बातम्या लपवायच्या असं ठरलं का?"

ती म्हणाली, "कसली बातमी?"

"तुझी आई माझ्या आईकडे येते, विसरलीस? रुजू झालीस ना त्या उंच ऑफिसात? आमची नजर लागेल म्हणून सांगितलं नाहीस, की आम्ही आता सांगण्यासारखे राहिलो नाही?"

तिचा चेहरा असा झाला, जणू चोरी पकडली. मग हळूच म्हणाली, "हो. म्हणजे नवीनच आहे अजून. सांगणार होते."

मावशींनी तिला मिठी मारली. कासव म्हणाला, "मला... मनापासून... बरं वाटलं." त्याला खरंच वाटलं होतं. कसं जमतं लोकांना?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिच्या त्या पडलेल्या चेहऱ्याची आठवण काढून दिवस काढला. तेवढंच माझं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज ती काळा कोट घालूनच आली. जेवणाच्या सुट्टीत निसटले म्हणाली. कोट तिला खांद्यात थोडा मोठा आहे, पण शोभतो. मी घरी माझा घालून बघितला. मला नीट बसतो आणि शोभत नाही.

मावशींनी विचारलं, काम काय देतात? "अर्ज लिहिणं, लोकांशी बोलणं, असंच." साहेब कसे आहेत? "बरे आहेत." इतकी बडबडी मुलगी, आणि नोकरीबद्दल तोंडातून शब्द काढत नाही. मोठ्या लोकांत वावरायला लागलं की माणूस असं मोजून बोलायला शिकतं बहुतेक.

माझे पुढचे अर्ज तयार आहेत. पाठवलेले नाहीत. पाठवले की नकार येतो, नाही पाठवले तर येत नाही.

५ मार्च, बुधवार

आज जे बघितलं ते आधी नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाटायला नको की मनाचे खेळ होते.

बाबा बस चालवतात, त्यांना दरवर्षी डोळे तपासून दाखला द्यावा लागतो. ह्या वेळी मी बरोबर गेले, घरी तरी काय करणार. सरकारी दवाखाना. तळमजल्यावर मोठा दिवाणखान्यासारखा हॉल, ओळीने लोखंडी बाक, औषधांच्या खिडकीपुढे गर्दी. बाबांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना आत बसवलं. मी बाहेर आले, आणि खांबाशेजारच्या बाकावर हसरी.

काळा कोट. मांडीवर फाईल. वाटलं, ऑफिसच्या कामाने आली असेल. मी खांबाआड झाले. तिने तिथेच बसून डबा खाल्ला. डबा पुसून बॅगेत ठेवला. मग पुन्हा बसून राहिली. कोणी बोलवायला आलं नाही, ती कुठे गेली नाही.

नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाला विचारलं, त्या कोण हो?

"त्या वकीलबाई? रोज असतात. सकाळी येतात, संध्याकाळी जातात."

"कोणत्या ऑफिसच्या?"

"ऑफिस कसलं? हेच त्यांचं ऑफिस."

कळलं मला. एकदम सगळं कळलं. नोकरी नाहीच. घरून कोट घालून निघते आणि इथे येऊन बसते, कारण दवाखान्यात बसलेल्या माणसाला तू का बसलास असं कोणी विचारत नाही.

मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आधी आनंदच झाला. ज्याचा मी इतके दिवस हेवा केला ते मुळात नव्हतंच. उकळी फुटावी तसं हसू येत होतं.

तेवढ्यात एक म्हातारा हातात कागद घेऊन तिच्यापुढे उभा राहिला. तिने सरकून जागा दिली, कागद वाचला, काहीतरी समजावलं, त्याच्यासाठी अर्ज लिहिला. त्याला हसवलंसुद्धा. तो उठला तर मागे एक बाई उभी, तिच्या मागे आणखी एक.

म्हणजे बघा! खोटी नोकरी करायला बसली, तर तिथे तिला खरे पक्षकार मिळाले. आणि मी घरी अगदी प्रामाणिकपणे बेकार बसलेय, तर माझ्याकडे कुत्रं फिरकत नाही.

घरी येताना बाबा म्हणाले, "आज गप्प का?" म्हटलं, काही नाही. त्यांना समोरचं धूसर दिसत होतं, ते बरंच झालं.

६ मार्च, गुरुवार

गटात आली. "आज फार काम होतं," म्हणाली. मी मान डोलावली. लेमनची गोळी गालात धरावी तसं ते गुपित धरून बसले होते. केव्हाही चावता आलं असतं.

चावलं नाही. दयेने नव्हे. अजून थोडा वेळ चघळायचं होतं.

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेले. तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने मान वळवून बघितलं.

"केव्हा कळलं?"

"परवा."

"काल गटात बोलली नाहीस."

"नाही."

तिने फाईलचा नाडा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग सांगितलं. मुलाखतीत तिला सरळ नको म्हणाले होते, चहासुद्धा अर्धा राहिला. घरी गेली तर आई दार उघडून उभी. त्या चेहऱ्याकडे बघून तोंडातून निघून गेलं, झालं म्हणून. दोन दिवसांत सांगून टाकू असं ठरवलं होतं. पण आईने तोवर सगळीकडे सांगितलं.

"गटात मी खरं सांगायलाच आले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "आधी कासवाचं काम संपवू, मग सांगू, असं म्हणत होते. तेवढ्यात तू विचारलंस. असं विचारलंस, की नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही."

मी नखं बघत बसले.

"आणि दुसऱ्या कोणाला सांगितलंही असतं," ती म्हणाली. "तुझ्यासमोर नापास होणं फार अवघड जातं मला. पहिल्या वर्षापासून."

हे ऐकून बरं वाटलं. किती वाईट आहे मी. बरं वाटलं.

१० मार्च, सोमवार

पुन्हा गेले. का गेले माहीत नाही. तिच्या बाकावर आज लॉन्ड्रीतली बाई होती.

दवाखान्याच्या मागे चादरी धुण्याची लॉन्ड्री आहे, एका ठेकेदाराकडे. ही बाई तिथे कामाला. वाफेवर तापणाऱ्या इस्त्रीच्या मोठ्या रुळात हात गेला. उजवा. कोपरापर्यंत बांधलेला आहे. मुकादम तिला तिथूनच उचलून दवाखान्यात घेऊन आला, शेजारी उभा राहिला, आणि कागदावर लिहिलं गेलं: घरी जिन्यावरून पडली. आता ठेकेदार म्हणतो, घरी पडलेल्या बाईला मी भरपाई कशाला देऊ? कामावरूनही काढलं.

हसरीने तिच्यासाठी नोटीस लिहिली होती. मला वाचायला दिली. वाचली. काय सांगू! अंगावर काटा येईल अशी भाषा, अन्याय, अश्रू, माणुसकी. आणि कायदा? कुठल्या कलमाखाली मागणी ते नाही, अपघाताची वेळ नाही. मागणी केली ती दवाखान्याकडे, ठेकेदाराचं नावच नाही. ही नोटीस समोरचा वकील चहा पिता पिता फाडेल.

"कशी झालीय?" हसरीने विचारलं.

"छान," म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

त्या बाईने डाव्या हाताने पाण्याचा पेला धरला होता, आणि तो सांडत होता. सकाळपासून तेच दिसतंय.

दुपारी हसरीकडे गेले आणि म्हटलं, "छान नाही. वाईट आहे. आण इकडे."

तिला राग येईल वाटलं होतं. तिने नुसतं पेन पुढे केलं.

मी बाईचे कागद मागितले. दाखल करतानाच्या कागदावर जिना. पण मलमपट्टीच्या कागदावर रोजच्या रोज लिहिलेलं: भाजल्याची जखम. कोणी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचलेच नव्हते. मी म्हटलं, "जिन्यावर वाफ कुठून आली?" हसरी माझ्याकडे बघत राहिली. मग इतक्या जोरात हसली की औषधांच्या रांगेतले लोक वळले.

मग बाईने एक गोष्ट सांगितली, अगदी खाली मान घालून. रुळापुढे जाळी असते, हात जाऊ नये म्हणून. ती जाळी तिनेच वर उचलली होती. चादर अडकली की सगळ्याच उचलतात, मुकादमच सांगतो. पण त्या दिवशी उचलली तिने. "हे कुठे लिहू नका," म्हणाली. "माझीच चूक म्हणतील."

हसरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला ते येत नाही. मी ते वाक्य कसं लिहायचं ह्याचा विचार करत होते. खोटं लिहायचं नाही आणि तिला उघडंही पाडायचं नाही. शेवटी लिहिलं: 'यंत्राची संरक्षक जाळी नेहमी जागेवर राहील अशी व्यवस्था ठेकेदाराने केली नव्हती.' शब्द न् शब्द खरा.

नोटीस पुरी झाली. चांगली झाली. मला माहीत आहे चांगली झाली ते. खाली सही हसरीची, कारण सनद तिच्याकडे.

१३ मार्च, गुरुवार

हसरीने गटात सांगून टाकलं. काल रात्री घरी आईलाही सांगितलं म्हणे. आई उठून कपड्यांच्या घड्या घालत बसली.

मावशी रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "दवाखान्याच्या त्या हॉलमध्ये? खांबाजवळच्या बाकावर वारा फार लागतो गं. खिडकीच्या अलीकडे बसत जा." आणि पुढच्या आठवड्यापासून त्या स्वतः तिथे येणार म्हणाल्या. कासवही.

सगळे तिच्याभोवती. खोटं बोलली तरी तिच्याभोवती. मी खरं बोलून कायमची एकटी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा हा हेवा. मी तिला मदत करते आणि मदत करता करता जळते. दोन्ही एकदम होतं. कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

२० मार्च, गुरुवार

आजचा गट दवाखान्यात. मावशी, कासव, हसरी एका ओळीत. कासवापाशी म्हातारी माणसं थांबतात. त्याच्या वेगाने बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा.

मी एका टोकाला, कागद घेऊन. माझ्यापर्यंत माणसं येत नाहीत, कागद येतात.

२४ मार्च, सोमवार

आई म्हणाली, हसरीची आई हल्ली येत नाही पार्लरला. मी म्हटलं, कामात असेल.

२७ मार्च, गुरुवार

ठेकेदाराच्या वकिलांनी हसरीला बोलणी करायला बोलावलं. आणि वकील कोण? ते उंच इमारतीतलं ऑफिस. जिथे ती नोकरी करत नव्हती तिथेच!

परत आली ती हसत. थोरले साहेब म्हणाले, नोटीस उत्तम आहे, अशी तुमच्या वयात कोणी लिहीत नाही. म्हणजे माझ्या नोटिशीने हिची वाहवा.

मग ती म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, मला कुठलं जमतंय? माझी मैत्रीण आहे, तिने लिहिलीय. तुझं नाव सांगून आले."

सांगायची काही गरज नव्हती तिला. कोणाला कळलं नसतं. मी सांगितलं असतं का तिच्या जागी? हे पान माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, तर लिहिते – नसतं सांगितलं.

३१ मार्च, सोमवार

थोरल्या साहेबांचा फोन. मला. "तुमच्यासारखं लिहिणारं माणूस आम्हाला हवंय. सनद येईल तेव्हा येईल, येत्या सोमवारी रुजू व्हा."

मुलाखतसुद्धा नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती गिऱ्हाइकाला तसंच सोडून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. उगाचच. मग आत आली.

मला हे लिहायलाच हवं: पहिला विचार आईचा नव्हता. पहिला विचार हा होता, की हसरीला नको म्हटलं त्यांनी, आणि मला घरी फोन करून बोलावलं.

३ एप्रिल, गुरुवार

दवाखान्यात गटाला सांगितलं. टाळ्या. ह्या वेळी माझ्यासाठी. ऐकायला कशा लागतात ते कळलं.

कासव म्हणाला, "पण... ते तर... समोरच्या बाजूचे ना?"

मी म्हटलं, "मोठं ऑफिस आहे. शेकडो फाईली असतात. ही मला थोडीच देणार आहेत?"

"नाही देणार," हसरी लगेच म्हणाली. "जा तू. तुझं आहे ते." डोळे तिचे भरले होते. आनंदाने की कशाने, मी बघितलं नाही. बघायचं टाळलं.

मावशी पुढचा कागद वाचायला लागल्या. लॉन्ड्रीतली बाईही होती तिथे. बोलणी कधी आहेत विचारायला आली होती. मला डाव्या हाताने शुभेच्छा दिल्या.

६ एप्रिल, रविवार

कोटाला इस्त्री केली. आज बरा दिसतो मला.

७ एप्रिल, सोमवार

नोकरी दुपारपर्यंत टिकली.

साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर आमचीच नोटीस. त्यांनी जाळीच्या वाक्यावर बोट ठेवलं. "सगळी नोटीस धडाधड लिहिलीत. हे एक वाक्य मात्र फार जपून लिहिलंय. इथे काय आहे?"

माझं लिखाण इतकं बारकाईने आजवर कोणी वाचलं नव्हतं.

म्हटलं, "ही फाईल मला घेता येणार नाही."

"फाईल देतच नाहीये. एक प्रश्न विचारतोय. त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला."

"सांगणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, चिडलेही नाहीत. पुढची फाईल ओढली.

थेट पार्लरमध्ये शिरले. हसरीची आई आली होती, कितीतरी दिवसांनी. कोटाकडे बघून म्हणाल्या, "काय गं, लागलीस नोकरीला?"

"लागले होते, काकू. सुटली."

काकूंनी बाकावर सरकून जागा केली. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या केसांवर आईची कात्री क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली. "बस," आई म्हणाली. "हिचं झालं की तुझे घेते. वाढलेत किती."